आधी गाव, मग संघ

चार शेतकऱ्यांनी सामाईक विहीर खणली, तर पाळीपाळीने सगळ्यांचे पीक भिजते. पण एखाद्या घरच्या कर्त्याने भावांना न विचारताच अंगठा उठवला असेल, तर काय होते? पहिल्याच उन्हाळ्यात पाळीवरून भांडण जुंपते. राज्याराज्यांच्या संघाचेही असेच असते. त्याचा धडा आपल्या दक्षिण महाराष्ट्रातच सापडतो.

सातारा जिल्ह्यात औंध नावाचे एक संस्थान होते. आम्हां कोथरूडकरांच्या शेजारचे औंध ते हे नव्हे, बरं का! हे बहात्तर गावांचे राज्य, तेही सलग नाही. एक तुकडा औंधाजवळ, दुसरा कुंडलला, तिसरा आटपाडीला, चौथा पार विजापूरकडे गुणदाळला. राजे होते भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून आपण त्यांना ओळखता. 1938 साली त्यांनी जाहीर केले, की राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देणार. जानेवारी 1939 मध्ये तशी राज्यघटना अमलात आली. ती घडवताना राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश इंजिनिअर यांनी गांधीजींचा सल्ला घेतला होता.

या घटनेची मांडणी पाहण्यासारखी आहे. गावातील प्रौढ माणसांनी पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती व्हायची, आणि तालुका समित्यांचे प्रतिनिधी राज्याच्या विधिमंडळात बसायचे. म्हणजे इमारत पायापासून वर चढवलेली. न्यायसुद्धा गावात आला. न्यायाधीश गावी येऊन पंचांसह बसू लागले, तेव्हा कज्ज्यासाठी तालुक्याला खेटे घालण्याचा खर्च वाचला. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, म्हणजे भिंतींवाचून चालणारी कैद्यांची वसाहत, तीही याच काळातली.

आता दुसरी बाजू बघा. इंग्रज जाणार हे दिसू लागले, तेव्हा दक्षिणी संस्थानिकांना वाटले, एकेकटे आपण टिकणार नाही. जुलै 1946 मध्ये त्यांच्यापैकी काही जण पुण्यात गांधीजींना भेटले. पुढे ऑक्टोबर 1947 मध्ये औंध, भोर, फलटण, सांगली, मिरज आदी आठ संस्थानांनी संघाच्या करारावर सह्या केल्या. हेतू वाईट नव्हता. पण बहुतेक ठिकाणी सही राजाची होती, औंधासारखा गावपातळीवरचा पाया मागे नव्हता. प्रजा परिषदेच्या कार्यकर्त्यांत मुंबई प्रांतात सामील होण्याची मागणी वाढली. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली, त्यानंतर या भागांत जाळपोळ झाली, आणि लहान राज्यांची शक्ती किती तोकडी ते उघड झाले. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. संघ काही महिन्यांतच संपला. त्याच दिवशी औंधाचे राज्यही संपले, हेही नमूद केले पाहिजे.

हेच आप्पासाहेब पंत पुढे 1961 ते 1964 या काळात इंडोनेशियात भारताचे राजदूत होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, 8 ऑगस्ट 1967 रोजी, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर व थायलंड या पाच देशांनी बँकॉक येथे ‘आसिआन’ संघटना स्थापली. आज तिचे अकरा सभासद आहेत. शेजाऱ्याच्या घरात डोकवायचे नाही आणि निर्णय एकमताने घ्यायचा, ही तिची रीत. या रीतीने व्यापार वाढला, सभासदांमधली मोठी युद्धे टळली. 2008 साली अमलात आलेल्या सनदेत लोकशाहीचाही उल्लेख आला. पण फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले, तेव्हा या संघटनेला पाच कलमी ठरावापलीकडे फारसे काही करता आले नाही. डोकवायचे नाही असे ठरलेल्या घरात आग लागली, तर शेजाऱ्याने काय करावे?

गुरुजनांना एक विनंती. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आली. मुलांना ती शिकवताना फळ्यावर शेजारी औंधाची 1939 ची मांडणी काढा. दोहोंत सारखे काय, वेगळे काय, हे मुलांनाच शोधू द्या. आणि ग्रामसभेची दवंडी झाली, की आपणही तेथे जाऊन बसा. दिल्लीत किंवा बँकॉकमध्ये होणाऱ्या सहीला वजन येते, ते गावातल्या अशा रिकाम्या न राहिलेल्या सतरंजीवरूनच.