नाझराच्या कचेरींतून वकिलीकडे

इ. स. १८७९ सालीं महादेव गोविंद रानडे यांची बदली नाशिकाहून धुळ्यास झाली. ते तेव्हां न्यायमूर्ति नव्हते; सबजज्ज होते. पुण्याकडे वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानें सरकार बावरलें होतें, आणि रानड्यांसारख्या विद्वानावरहि त्याचा इतका संशय होता कीं, धुळ्यास त्यांच्या नांवें येणारीं पत्रें फोडून पाहिलीं जात. त्याच वर्षीं पुण्यांत फडक्यांवर खटला उभा राहिला. त्यांचें वकीलपत्र घेणें म्हणजे तो संशय आपण होऊन अंगावर ओढून घेणें होतें. तें गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनीं घेतलें.

रानडे आणि काका हे सार्वजनिक कामांतले सोबती. परंतु कायद्याच्या मंदिरांत दोघे दोन निरनिराळ्या दारांनीं शिरले होते. रानडे मुंबई विद्यापीठाचे एम्. ए., एल्एल्. बी. काकांजवळ पदवी नव्हती. साताऱ्यास १८२८ सालीं जन्मलेला हा गृहस्थ पुण्यास नाझराच्या कचेरींत कारकून होता, आणि तेथून परीक्षा देऊन वकील झाला. हें दुसरें दार आतां बंद झालें आहे. पण खानदेशासारख्या मुलखांत एके काळीं त्याचाच राबता मोठा होता.

खानदेश १८१८ सालीं इंग्रजांकडे आला, आणि कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें मुख्य ठाणें केलें. मुंबईचें विद्यापीठ निघालें १८५७ सालीं. मधल्या चाळीस वर्षांत धुळ्यास, एरंडोलीस किंवा अमळनेरास कोणाला कायदा शिकावयाचा तर तो कोठें? उत्तर एकच: कचेरींत. खतें, गहाणखतें, सावकारांच्या वह्या, सारें मोडींत. साहेबाच्या टेबलावर गेलेला कागद कारकुनानें वाचून दाखविल्याखेरीज बोलका होत नसे. फिर्याद कशी मांडावी, मुदत कोठें बुडते, हुकुमनामा झाल्यावर दरखास्त कशी द्यावी, हें ज्यानें दहा वर्षें रोज पाहिलें, त्याला निराळी पाठशाळा नको होती.

त्यांतहि नाझराची कचेरी ही खरी शाळा. नाझर हा बेलिफांचा मुख्य. समन्सें बजावणें, जप्त्या, लिलांव, कोर्टांत भरलेला पैसा, हें सारें त्याच्या हातचें. न्यायाधीशाच्या तोंडून निकाल निघतो, पण तो कुणब्याच्या दारांतल्या बैलापर्यंत कसा पोंचतो, हें नाझराच्या कारकुनाला ठाऊक असतें. ग्रंथांतून तें कोणी शिकवीत नाहीं.

वकील होण्याची सोय सरकारनेंच करून ठेविली होती. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनांत सनदी वकिलांचे नियम होते; १८४६ च्या पहिल्या ॲक्टानें जातधर्म न पाहतां, पात्रतेचा दाखला मिळविणाऱ्या कोणासहि ही वाट मोकळी केली, आणि मेहनतान्याचा करार अशील व वकील यांजवर सोंपविला. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक नव्हे. पगारी कारकुनाला स्वतंत्र धंद्याचें धाडस त्याशिवाय सुचलें नसतें.

काकांच्या बाबतींत कचेरींतलें शिक्षण कोठें उपयोगी पडलें, तें १८७० सालीं दिसून आलें. त्या वर्षीं २ एप्रिल रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं लोकांच्या तक्रारी होत्या, त्यांतून ती निघाली. सभेचा सभासद व्हावयाचें तर निदान पन्नास माणसांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. आरंभीं पंचाण्णव सभासद असून त्यांजपाशीं सुमारें सहा हजार लोकांचीं मुखत्यारपत्रें होतीं. कोर्टांत एका अशिलासाठीं चालणारा कागद सहा हजारांसाठीं चालविण्याची ही कल्पना कोणा एकाच्या डोक्यांतून निघाली असें म्हणतां येत नाहीं. तथापि तिला कचेरीचा वास आहे खरा. ‘तुम्ही कोणाच्या वतीनें बोलतां?’ असें सरकारनें विचारतांच सही केलेला कागद पुढें करावा, ही कारकुनाची सावधगिरी होय. फडक्यांना जन्मठेप काळें पाणी झालें, ते एडनला गेले आणि तेथेंच १८८३ सालीं वारले. काका त्याआधींच, २५ जुलै १८८० रोजीं, निवर्तले.

असा प्रवास केवळ महाराष्ट्रांतच झाला असें नाहीं. मद्रासेकडील मुथुस्वामी अय्यर हे गांवच्या हिशेबनिसाच्या हाताखालीं दरमहा एक रुपयावर लागले आणि हायकोर्टाच्या न्यायासनावर बसले.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कचेरींत माणूस कायदा शिके, तशा खोडीहि शिके. वकिलांविषयीं सरकारचाच अविश्वास किती होता, तें १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्यावरून कळतें. प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झालेल्या त्या कायद्यांत शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलास उभें राहण्याची सर्वसाधारण मनाई होती. पदवीची अट वाढत गेली, ती निव्वळ दुष्टपणानें नव्हे.

पण तिच्याबरोबर कांहीं गेलें, हेंहि खरें. धुळ्यास १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा काढणारे शंकर श्रीकृष्ण देव हे पदवीधर वकिलांच्या पिढीचे. राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले, आणि त्यांचे कागद सांभाळण्यास १९२७ सालीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. तोंपर्यंत मोडी वाचणें ही रोजच्या भाकरीची नव्हे, तर संशोधनाची विद्या होऊं लागली होती. पदवीधर वकिलाला जुनें खत लावण्यासाठीं मात्र आपल्या कारकुनाकडेच वळावें लागे.

१९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि आगगाडी व कापूस यांनीं वाढलेलें जळगांव पूर्व खानदेशचें मुख्य गांव झालें. १९२० च्या प्लीडर्स ॲक्टानें जिल्ह्याच्या वकिलांची नवी व्यवस्था लावली; १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टानें सर्व हिंदुस्थानास एकच वर्ग ठरवून कायद्याची पदवी ही नव्या माणसाची मुख्य वाट केली. वकिलाच्या कारकुनाला आज सनद हवी असेल तर आधीं ती पदवी मिळवावी लागते, आणि वकिली चालवावयाची तर पूर्णवेळ पगाराची नोकरी सोडावी लागते.