बेडूक पाणी कसे पितो?

मृगाची पहिली सर कोसळली की भिसेगावच्या खाचरांतून पिवळेजर्द नर बेडूक रात्रभर ओरडतात. ते पावसाबरोबर आभाळातून पडतात, असे आमची वडीलधारी माणसे सांगत, आणि आम्हीही ते पुष्कळ वर्षे खरे मानले. आदल्या संध्याकाळी ज्या शेतात एकही बेडूक नव्हता, तेथे सकाळी शेकडो! दुसरे मानावे तरी काय?

ते बांधाखाली होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. मातीत उरलेल्या ओलीवर तो उन्हाळा काढतो. एवढी साधी गोष्ट उमगायला अठरावे शतक संपत यावे लागले. रॉबर्ट टाउनसन या इंग्रज गृहस्थाने १७९० नंतरच्या दशकात जर्मनीतील गटिंगन येथे बेडूक पाळले. पाण्यावाचून रोडावलेला बेडूक त्याने ओल्या टीपकागदावर नुसता बसवला, तर तो पुन्हा गरगरीत झाला. पाणी पोटाखालच्या कातडीतून आत गेले होते. टीपकागद आणि चिकाटी, एवढ्या भांडवलावर हे शास्त्र उभे राहिले, याचे आम्हा शाळा अर्धवट सुटलेल्यांना मोठे अप्रूप वाटते.

पुढे १९०४ साली डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी श्वासाचा हिशेब मांडला. कर्बवायू बेडूक मुख्यतः कातडीतून बाहेर टाकतो. प्राणवायू फुप्फुसांतून घेतो, तसा काही कातडीतूनही घेतो. मात्र वायू आधी ओलीत विरघळला पाहिजे. म्हणून त्या कातडीवर ना केस, ना खवले. उलट ग्रंथींतून सारखा बुळबुळीत स्राव. ती कातडी सुकली की पाणी गेले आणि श्वासही गेला.

आमच्या डोक्यावरचे डोंगरही या इतिहासात आहेत. माथेरानच्या एका बेडकाला बूलेंजर यांनी १८८८ साली डॉ. लीथ यांचे नाव दिले. त्याची पिल्ले डबक्यात नव्हे, तर पाझरणाऱ्या कातळावरच्या पाण्याच्या पातळ थरात वाढतात. खंडाळ्याच्या मातीतील एका देवगांडुळाची नोंद टेलर यांनी १९६० साली केली. तेही बेडकाचेच भाऊबंद, आणि ओलीचे तितकेच मिंधे.

आता धंद्याचे. बेडकांचे पाय परदेशी पाठवून देश परकीय चलन मिळवीत असे. १९८१ साली चार हजार टनांहून अधिक पाय गेले. १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. कोणत्याही धंद्यात मजुरी कोणाला आणि नफा कोणाला, हे आधी विचारण्याची आम्हाला खोड आहे. शेतातले किडे खाण्याची बेडकाची मजुरी त्या हिशेबात कोणी धरलीच नव्हती. बेडूक गेल्यावर किड्यांसाठी औषध विकत आणायचे, आणि जी कातडी पाणी आत घेते तिच्यातूनच ते विष उरलेल्या बेडकांच्या अंगात जायचे, असा हा उलटा व्यवहार!

निर्यात थांबली, पण ओल कमी होतेच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत उभयचरांच्या शंभरांतील सुमारे ४१ जाती धोक्यात आढळल्या. आमच्याकडे खाचरांत भराव पडतो, प्लॉट पडतात. आज वैशाखाच्या या उकाड्यात आपण पंख्याखाली बसलो आहोत. त्या भरावाखाली गेलेल्या बांधाच्या बुडाशी कोणी बेडूक मृगाची वाट पाहत असेल, तर त्याला वर यायला वाट राहिलेली नाही.