दोनशे तेवीस घरे आणि एक विहीर

पटकीच्या साथींचा इतिहास लिहिताना बहुधा मृत्यू मोजले जातात; आजारी न पडलेल्यांची गणती करण्याचे कोणाच्या सहसा मनात येत नाही. इ. स. १९२६ मध्ये एडिंबर्ग मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात मात्र तसे घडले, आणि त्यातील आकडे भारतातीलच एका खेड्याचे होते.

निबंधाचे लेखक अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात ते गणिताकडे वळले. पुढे कसौली येथील पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते संचालक झाले आणि १९२० मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव मायदेशी परतले.

रोगप्रतिकारशक्तीचा प्रश्न त्या काळी मोठ्या वादाचा होता. डॉ. हाफकिन यांनी १८९४ मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांत पटकीची लस टोचली, तेव्हा एकाच घरातील टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची ते तुलना करीत. ही दृष्टी फार अचूक होती. एका घरातील माणसे एकच पाणी पितात, एकाच चुलीवरचे अन्न खातात. म्हणजे जंतूंचा धोका सर्वांना साधारण सारखाच. १९१५ मध्ये ग्रीनवूड आणि यूल या संख्याशास्त्रज्ञांनी हीच अट लसीच्या प्रत्येक परीक्षेस लागू केली. ज्याच्यापर्यंत जंतू पोहोचलाच नाही, त्याचे आरोग्य लसीच्या खाती जमा करता येत नाही.

मॅकेंड्रिक यांच्यासमोरील खेड्यात २२३ घरे होती. त्यांपैकी ३२ घरांत एकेक रुग्ण, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. म्हणजे ५५ घरांत एकूण ८६ रुग्ण. उरलेल्या १६८ घरांत पटकी शिरलीच नाही. ही घरे का वाचली? त्यांच्यात प्रतिकारशक्ती होती, की निव्वळ दैव, की त्यांना धोकाच नव्हता? वरवर पाहता तिन्ही उत्तरे सारखीच संभवनीय वाटतात.

त्यांनी १६८ हा आकडा बाजूस ठेवला आणि केवळ आजारी घरांच्या विभागणीवरून हिशेब मांडला. संसर्ग यदृच्छेने पडत असेल, तर एक, दोन, तीन रुग्णांच्या घरांचे परस्पर प्रमाण ठरावीक असते. त्या प्रमाणावरून शून्य रुग्णांची घरे किती असावीत हेही काढता येते. उत्तर आले ३७. त्याच रीतीने एक ते चार रुग्णांची घरे अनुक्रमे ३४, १६, ५ आणि १ यावयास हवी होती; प्रत्यक्षात ती ३२, १६, ६ आणि १ होती. इतका मेळ क्वचितच बसतो. याचा अर्थ, धोका केवळ ९३ घरांना होता. त्यांतील ३७ घरे योगायोगाने वाचली. उरलेली सुमारे १३० घरे या हिशेबातच नव्हती.

यावरून त्यांनी अनुमान केले, की रोग पाण्यातून आला असावा, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि ही ९३ घरे एकाच दूषित विहिरीचे पाणी पीत असावीत. पुढे स्थानिक चौकशी झाली, तेव्हा वस्तुस्थिती तशीच आढळली. जंतूचे दर्शन न घेता, केवळ त्रैराशिकाच्या थोड्या पुढच्या गणिताने विहिरीपर्यंत पोहोचण्याचा हा प्रसंग विलक्षणच म्हणावा लागेल. अपूर्ण माहितीवरून अनुमान करण्याची जी संगणकीय पद्धत १९७७ मध्ये नावारूपास आली, तिचे पूर्वरूप अभ्यासकांना पुढे याच निबंधात दिसले.

पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, मॅकेंड्रिक यांनी विल्यम कर्मॅक यांच्यासह साथींचे सर्वसाधारण गणित प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेतील अपघातात कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्येच गेली होती. साथ संपते ती सर्व माणसे बाधित झाल्यामुळे नव्हे, तर बाधा होऊ शकेल अशांची संख्या एका मर्यादेखाली उतरल्यामुळे, असे त्यांनी दाखविले. पडताळणीसाठी त्यांनी निवडलेले आकडे होते मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगमधील साप्ताहिक मृत्यूंचे.