पऱ्हाटीचं प्लास्टिक आणि काकांचा प्रश्न

पत्रकारितेत नवा होतो तेव्हा 'पऱ्हाटीतून सोनं' असा मथळा देऊन मी एक बातमी केली होती. कपाशीच्या वाळलेल्या झाडांपासून पार्टिकल बोर्ड बनतं, हे माटुंग्याच्या 'सिरकॉट' या कापूस संशोधन संस्थेनं दाखवून दिलं होतं, त्यावर. बातमी वाचून गावातल्या एका काकांनी विचारलं, "ते ठीक हाय भाऊ, पन पऱ्हाटीले भाव काय देतीन?" मी गप्प.

आता पुन्हा 'शेतातून प्लास्टिक'च्या बातम्या रोज येतायत. जणू कालच शोध लागला! म्हणून थोडा इतिहास.

ऑगस्ट 1941. अमेरिकेत हेन्री फोर्डनं एक मोटार लोकांसमोर आणली. सांगाडा पोलादी नळ्यांचा, वरचे पत्रे मात्र प्लास्टिकचे. सोयाबीनसारख्या शेतमालापासून केलेले, असं तेव्हा सांगितलं गेलं. शेतकऱ्याला कारखान्याचं गिऱ्हाईक मिळावं, हे फोर्डचं स्वप्न. पण युद्ध आलं, नंतर खनिज तेलाचं प्लास्टिक स्वस्त झालं आणि ती मोटार एकुलती एकच राहिली.

फ्रान्समध्ये तर 1926 मध्येच मॉरिस लेमॉइन यांना जिवाणूंच्या पेशीत तयार होणारं पॉलिमर सापडलं होतं. पीएचबी त्याचं नाव. तेल स्वस्त असेपर्यंत उद्योगांनी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही. 1973 नंतर तेल भडकलं, तेव्हा कुठे कंपन्यांना त्याची आठवण झाली.

सगळ्यात मोठा प्रयोग झाला पूर्व जर्मनीत. पोलादाची टंचाई होती. म्हणून सोव्हिएत संघातून येणारा टाकाऊ कापूस आणि फिनॉलची राळ एकत्र दाबून 'ड्युरोप्लास्ट' बनवलं आणि त्यातून 'ट्रॅबंट' गाडीचे बाहेरचे भाग. 1957 ते 1991 या काळात सुमारे 30 लाख गाड्या निघाल्या. गंजायचं नाव नाही! पण बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी त्या टाकून दिल्या, तेव्हा खरी पंचाईत झाली. ड्युरोप्लास्ट पुन्हा वितळवता येत नाही आणि जाळलं तर विषारी धूर. आत कापूस होता, तरी ते कुजलं नाही.

नैसर्गिक धागा घातला म्हणून प्लास्टिक मातीत मिसळत नाही, हे यातून कळतं. मक्या-उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या पीएलएचंही तसंच. ते नीट कुजायला साधारण 60 अंश तापमानाचा कंपोस्ट प्रकल्प लागतो. आपल्या किती नगरपालिकांकडे तो आहे?

विज्ञान कुठेच कमी पडलं नव्हतं. हिशेब आधी मांडला नव्हता, इतकंच. आज आपल्याकडे पऱ्हाटी बहुतेक बांधावर जळते. उद्या तिच्यासाठी कारखाना येणार असेल तर स्वागतच आहे. पण फीत कापायच्या आधी दोन गोष्टी लेखी हव्यात. शेतकऱ्याला क्विंटलमागे किती मिळणार? आणि वापरून झालेला माल कोण परत घेणार?

पुढची बातमी मी याच दोन प्रश्नांनी सुरू करणार आहे. काकांचं देणं आहे ते.