चित्रपटाची घरगुती माध्यमे

चित्रपटगृहाबाहेर, घरी चित्रपट पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांना चित्रपटाची घरगुती माध्यमे म्हणतात. व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी व ब्लू-रे ही भौतिक माध्यमे असून आंतरजालावरील स्ट्रीमिंग हा त्यांचा पर्याय आहे.

भारतातील वाटचाल
एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते. खालापूर तालुक्यातील एन.डी. स्टुडिओत आग्रा किल्ल्याचे नेपथ्य उभारून चित्रित झालेला 'जोधा अकबर' (२००८) सुमारे २१३ मिनिटांचा आहे. त्यासाठी किमान तीन व्हीसीडी लागतात. त्याच सुमारास मोझर बेअर कंपनी २८ रुपयांत व्हीसीडी व ३४ रुपयांत डीव्हीडी विकत असे. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले आणि जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झाला. मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली.

भवितव्य
स्ट्रीमिंगच्या ग्राहकाला प्रत नव्हे, तर केवळ पाहण्याची परवानगी मिळते. हक्कांचा करार संपल्यास चित्रपट सेवेवरून काढला जातो. तबकडी खरेदीदाराकडेच राहते. मात्र कोकणातील दमट हवेत तिला बुरशी लागू शकते व ती चालवणारे प्लेयर दुर्मीळ होत आहेत. त्यामुळे दीर्घकालीन जतनासाठी दोन्ही अपुरी ठरतात. ते कार्य पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) करते.