कलदार रुपया : मध्यम दर्जाच्या नाण्याचे मूल्यनिर्धारण

कलदार रुपया, मध्यम दर्जाचा : ब्रिटिश अमदानीत यंत्रावर पाडलेला, व्यवहारात फिरून झिजलेला, तरी ज्यावरील चेहरा, लेख व साल स्पष्ट वाचता येतात असा चांदीचा रुपया. संग्राहकांच्या व्यवहारात अशा नाण्यांना ‘फाइन’ व ‘व्हेरी फाइन’ (व्हीएफ) या श्रेणी लावतात. घराघरांतून निघणारी ‘राणी छाप’ नाणी बहुधा याच दर्जाची असतात आणि नवखा संग्राहक आपली पहिली खरेदी याच नाण्यांत करतो. त्यांच्या किमतीचे तीन घटक असतात : चांदीचा भाव, त्या सालाची व टांकसाळीची दुर्मिळता, आणि नाण्याचा पृष्ठभाग किती अस्सल राहिला आहे हे. श्रेणीचे नाव या तिन्हींनंतर येते. मध्यम दर्जात जास्तीचा पैसा दुर्मिळतेसाठी आणि अस्सलपणासाठी मोजावा, नुसत्या श्रेणीच्या चिठ्ठीसाठी मोजू नये, हे या मूल्यनिर्धारणाचे मुख्य सूत्र होय.

दर्जा : झीज प्रथम छापाच्या सर्वांत उंच भागावर दिसते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानावरचे केस, मुकुटाचे बारकावे आणि चोळीवरील नक्षी पाहावी. सातव्या एडवर्डचे डोके उघडे असल्याने केस, कान व दाढी पाहतात. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुट व झग्यावरील नक्षी महत्त्वाची. फाइन नाण्यात आकृतीची बाह्यरेषा आणि लेख शाबूत असतात, पण केस व कापडाचे तपशील बरेचसे सपाट झालेले असतात. व्हीएफ नाण्यात मुख्य तपशील टिकतात आणि झीज फक्त उंचवट्यांवर असते. एक्स्ट्रीमली फाइन (एक्सएफ) नाण्यात ती शोधावी लागते. मुळातच छाप कमजोर उठली असेल, तर ती झीज समजू नये. नाणे एका बाजूने दिवा ठेवून तिरपे धरले की हा फरक कळतो : झिजलेल्या भागाची तकाकी गेलेली असते, कमजोर छापेच्या भागावर मात्र ती शिल्लक असू शकते.

किमतीचा तळ : १८३५च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकसारखा रुपया सुरू झाला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (११.६६ ग्रॅम), आणि शुद्धता बाराला अकरा भाग. अशा पूर्ण वजनाच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे, तर या नाण्याची चांदी १,०६९ रुपयांची झाली. झिजेने वजन एक टक्का घटले असेल, तर सुमारे १,०५८ रुपयांची. सराफ मोडीत घेताना यातून आपली घट कापतो. व्हीएफ दर्जाच्या सामान्य सालाच्या रुपयाची किंमत या तळाच्या थोडीच वर राहते. नाण्यांच्या कायद्यानुसार ठरीव वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट झालेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. म्हणून ११.४३ ग्रॅमच्या खाली वजन भरले, तर नाणे फार झिजलेले, कापलेले किंवा बनावट आहे का, हे आधी पाहावे.

१९४० पासून चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले. सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ या काळातला रुपया आकारमानाने व वजनाने जुन्यासारखाच दिसतो, परंतु त्यात सुमारे ५.८३ ग्रॅमच चांदी असते. वरच्याच भावाने त्याचा तळ ५८३ रुपये होतो. १९४७चा रुपया निकेलचा असल्याने त्याला चांदीचा तळच नाही. ‘चांदीचा जुना रुपया’ एवढ्याच वर्णनावर एकच दर लावणारा खरेदीदार येथे हमखास फसतो.

साल, टांकसाळ व संख्या : पहिल्या महायुद्धात चांदीची मागणी प्रचंड वाढली. १९१८च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतेक चांदी भारतातील नाण्यांसाठी ब्रिटनला विकली. परिणामी १९१८ आणि १९१९ या सालांचे रुपये कोलकाता व मुंबई मिळून प्रत्येकी ४० कोटींहून अधिक पाडले गेले. व्हीएफ दर्जात ते आजही सहज मिळतात, त्यामुळे चांदीच्या वर फारसे मोजण्याचे कारण नाही. उलट १९२२ साली मुंबईत जेमतेम २० लाखांच्या आसपास रुपये पडले. त्या सालाचे मध्यम दर्जाचे नाणे चांदीच्या कितीतरी पटींनी विकले जाते आणि ती किंमत योग्यच असते.

पाडलेली संख्या आणि उरलेली संख्या मात्र वेगळ्या. १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख पाडलेल्या नाण्यांपैकी सुमारे सात लाखच चलनात गेली, उरलेली बहुतेक वितळवली गेली आणि १९१२मध्ये चित्र सुधारले गेले. हा ‘पिग रुपया’ कथेमुळे प्रत्येकाला हवा असतो, म्हणून झिजलेल्या अवस्थेतही त्याची मागणी टिकते. १९३९चा रुपया फारच थोडा उरला असून तो दुर्मिळांत गणला जातो. त्याचे साल बदललेले किंवा ओतीव प्रतीचे नाणे समोर येण्याची शक्यता नेहमी धरावी.

टांकसाळीची खूण ओळखल्याशिवाय भाव ठरवू नये. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस खालच्या कमळाजवळ बारीक उठावदार बिंदू असेल तर नाणे मुंबईचे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. व्हिक्टोरियाच्या १८६२ सालाच्या रुपयावरचे साल पुढे १८७४ पर्यंत बदललेच नाही. त्यामुळे मागील बाजूवरच्या बिंदूंच्या मांडणीवरून त्याचे प्रकार वेगळे करतात आणि त्यांचे भावही वेगळे असतात.

पृष्ठभाग : मध्यम दर्जातील दोन नाण्यांत खरा फरक येथेच पडतो. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेला एकसारखा राखाडी रंग हा अस्सलपणाचा पुरावा होय. चिंच, राख, पितांबरी किंवा सोडा लावून उजळलेले नाणे पांढरे फटक दिसते, पण उंचवटे झिजलेले आणि सपाट जागा चकचकीत, ही विसंगती लपत नाही. भिंगाखाली एकाच दिशेचे ओरखडे दिसतात. महाराष्ट्रात रुपयांना कडी लावून गळ्यात घालण्याची चाल मोठी होती. कडी काढल्यावर डाक घासून टाकलेली जागा वरच्या कडेवर, साधारण घड्याळातील बाराच्या जागी, तपासावी. भोक बुजवलेले, डाकाची खूण असलेले किंवा सराफाने ठसा मारलेले नाणे कितीही सुबक दिसले, तरी सामान्य सालात त्याला मोडीच्याच भावाने घ्यावे. दुर्मिळ सालात अशा नाण्याला किंमत असते, मात्र निर्दोष नाण्याच्या किमतीचा एखादा भागच.

श्रेणी आणि भाव यांचे नाते : अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये जुन्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. नाण्याचे मूळ मूल्य गुणिले श्रेणीचा अंक म्हणजे किंमत, अशी त्यांची कल्पना होती. अंक टिकले (आज फाइन १२, व्हीएफ २० ते ३५, एक्सएफ ४०च्या पुढे), पण गुणाकार टिकला नाही. वरच्या श्रेणीत भाव झपाट्याने चढतो, खाली तो संथ असतो. म्हणून व्हीएफ आणि एक्सएफ यांच्या भावांतले अंतर पाहणे हे मूल्यनिर्धारणातले सर्वांत उपयोगी पाऊल ठरते. अंतर थोडे असेल, तर वरचेच नाणे घ्यावे. अंतर अनेक पटींचे असेल, तर व्हीएफ नाणे संग्राहकाला खरे समाधान देते, कारण नाण्याची ओळख आणि इतिहास त्यात पूर्ण असतो. एक्सएफच्या भावाजवळ जाणारी मागणी व्हीएफ नाण्यासाठी मान्य करू नये.

भावाचा पुरावा : क्राउझ यांच्या जागतिक नाणेसूचीतले आकडे जुने असतात आणि चांदी त्यांच्यापुढे पळते. सूची सालांची तुलनात्मक दुर्मिळता दाखवते, आजचा भाव नाही. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे. लिलावात प्रत्यक्ष झालेली विक्री, तीही त्याच साल, टांकसाळ व दर्जाच्या अनेक नाण्यांची, हाच पुरावा. लिलावाच्या बोलीवर खरेदीदाराचे शुल्क व कर वेगळे पडतात, ते जोडूनच तुलना करावी. विकताना व्यापारी आपला नफा ठेवूनच घेतो, हेही आधीच हिशेबात धरावे. पीसीजीएस (स्थापना १९८६) किंवा एनजीसी (स्थापना १९८७) या श्रेणी प्रमाणित करणाऱ्या संस्थांकडून सीलबंद श्रेणी घेण्याचा खर्च सामान्य व्हीएफ रुपयाच्या किमतीशी जुळत नाही. १९३९सारख्या, बनावटीची भीती असलेल्या नाण्यासाठी तो खर्च सार्थ होतो.

शिवराई : हाताने पाडलेल्या मराठी तांब्याच्या नाण्यांना हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. शिवराईत धातूचा तळ नगण्य असतो. ठशापेक्षा नाण्याची चकती लहान असल्याने ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ या लेखांतली किती अक्षरे चकतीवर उतरली, यावर किंमत ठरते. उत्तरकालीन दुदांडी (दोन दांड्यांची) शिवराई विपुल आहे. ती पूर्ण लेख असलेलीच निवडावी.

कायदा व सावधगिरी : शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातील लिलावांचे भाव येथे थेट लावू नयेत. जमिनीत सापडलेला साठा १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. जुनी नाणी विकून देतो असे सांगत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध बँकेने २०२१मध्ये इशारा दिला आहे.

निर्णयाचा क्रम : आधी वजन व चांदी, मग साल व टांकसाळ, मग पृष्ठभाग, शेवटी श्रेणी. या क्रमाने पाहिल्यास द्यावयाच्या रकमेला चांदीचा तळ आणि वरच्या श्रेणीच्या भावाचे छत अशा दोन मर्यादा मिळतात, आणि त्यांच्यामधली जागा नाण्याची दुर्मिळता व अस्सलपणा ठरवतात. मोजक्या पैशात जाणकारीने जमवलेला मध्यम दर्जाचा संग्रह हा नाणेशास्त्राच्या अभ्यासाचा भक्कम पाया असतो. महागडी चूक टाळणारी नजर अशा नाण्यांवरच तयार होते.