तराजू ठीक आहे, पण वजन खरं आहे का?

ज्यांच्या ड्रॉवरमध्ये आर्डुइनो उनो पडून आहे, आजचा भाग खास त्यांच्यासाठी.

भट्टीचं तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल वापरतात. त्याच्या दोन टोकांत एक अंश सेल्सियसचा फरक पडला की मिळतात साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. उनोचा एडीसी १० बिटचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्ट. थर्मोकपल थेट जोडलात, तर आकडा एकाने सरकायला तापमान जवळजवळ १२० अंशांनी वाढावं लागेल!

मग चिप नसताना लोक इतकं बारीक व्होल्टेज कसं मोजायचे?

१८४१ साली योहान पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने एक युक्ती मांडली. साधा मीटर जोडला की तो स्वतःच थोडा करंट ओढतो, आणि मोजायचं व्होल्टेजच खाली येतं. म्हणून त्याने तोलायचं ठरवलं. अनोळखी व्होल्टेजसमोर माहीत असलेलं व्होल्टेज उलटं लावायचं आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत ते कमी-जास्त करायचं. काटा शून्यावर, म्हणजे दोन्ही पारडी सारखी. करंटही शून्य.

पण तराजूला खरं वजन लागतं. ते दिलं एडवर्ड वेस्टन यांनी, १८९३ मध्ये. पारा आणि कॅडमियम वापरून केलेला, काचेच्या नळीतला त्यांचा सेल २० अंशांना १.०१८३ व्होल्ट देई. १९११ पासून तो आंतरराष्ट्रीय मापदंड झाला. पुढे १९६२ मध्ये केंब्रिजच्या २२ वर्षांच्या ब्रायन जोसेफसनने अतिवाहकांबद्दल एक भाकीत केलं, ज्यातून व्होल्टेज थेट फ्रिक्वेन्सीशी जोडता आलं. १९९० पासून जगभरच्या प्रयोगशाळा त्यावरच व्होल्ट ठरवू लागल्या.

आता उनोकडे या. त्याच्या एडीसीतही तराजूच आहे. आधी अर्धं वजन टाकून बघतो, मग पाव, मग त्याच्या निम्मं, असं दहा वेळा. आणि वजन कुठून येतं? तुम्ही काही बदललं नसेल, तर यूएसबीच्या ५ व्होल्टमधून. तिथे प्रत्यक्षात ४.७ असतील तर प्रत्येक रीडिंग सहा टक्क्यांहून जास्त फुगतं, आणि कोडमध्ये एकही एरर दिसत नाही.

म्हणून मी चिपमधलाच १.१ व्होल्टचा संदर्भ निवडतो. ही बँडगॅप सर्किटची करामत. बॉब विडलर यांनी १९७१ मध्ये असं सर्किट चिपवर आणलं. एक भाग आता १.१ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. मात्र डेटाशीटप्रमाणे हा संदर्भ १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. तेव्हा चांगल्या मल्टिमीटरने एआरईएफ पिनवर एकदा मोजा आणि तोच आकडा कोडमध्ये टाका. थर्मोकपलसाठी पुढे शंभर पटीचा अॅम्प्लिफायर लावलात, की एक भाग पाव अंशाचा होतो.

१६ बिटचा एडीसी जरूर घ्या. पण बिट वाढवणं म्हणजे काट्यावर बारीक खुणा करणं. वजन खोटं असेल, तर चूकच जास्त बारकाईने दिसेल, एवढंच.

भेटू पुढच्या भागात!